ग्रीक स्वातंत्र्ययुद्धावर कमी पैशांत चित्रपट: फौज दाखवू नका, सराय दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला एक छोटा गट आणि ग्रीसमधला एक सहनिर्माता मिळून ओट्टोमन (तुर्की) सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धावर पूर्ण लांबीचा चित्रपट करू पाहतायत. शेड्यूल चोवीस दिवसांचं, दिवसाला फार तर पन्नास-साठ ज्युनिअर आर्टिस्ट, व्हीएफएक्ससाठी जेमतेम पैसे. डोक्यात मेसोलोंगी या ग्रीक शहराचा वेढा आहे. जमेल का, आणि लढाई उभी कशी करायची?

मेसोलोंगी सोडा. तिसरा वेढा एप्रिल १८२५ ते एप्रिल १८२६ असा वर्षभर चालला. त्यात उथळ खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, मातीचे तट आहेत, बाहेर इब्राहिम पाशाची युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेली इजिप्ती पलटण आहे आणि आत हजारो उपाशी बायका-मुलं. शेवटच्या रात्रीचा बाहेर पडण्याचा प्रयत्न हाच कथेचा कळस, आणि तो गर्दीशिवाय होत नाही. गर्दी जमवली तरी ती खाऊनपिऊन सुखी दिसते. उपासमार मेकअपने चार चेहऱ्यांवर आणता येते, चारशेंवर नाही. नावारिनो (२० ऑक्टोबर १८२७) म्हणजे जहाजंच जहाजं, त्याचा विचारही नको. देर्वेनाकियाची खिंड (जुलै १८२२) कागदावर स्वस्त वाटते, कारण डोंगर फुकट आहे. पण ओट्टोमन सेनापती द्रामालीचं सैन्य खिंडीत अडकलं हे दाखवायला आधी सैन्य दाखवावं लागतं, त्याची खेचरं-उंटं दाखवावी लागतात. त्रिपोलित्साच्या पाडावानंतर (सप्टेंबर १८२१) मुसलमान आणि ज्यू नागरिकांची कत्तल झाली. तो विषय घ्यायचा तर सगळा चित्रपट त्याचाच करावा लागेल. लढाईची शेपटी म्हणून तो जोडता येत नाही.

तुमच्या पैशांत बसणारी लढाई एकच आहे: ग्राविया. तारीख ८ मे १८२१, जुन्या ज्युलियन कालगणनेनुसार. आजच्या हिशेबाने २० मे. मध्य ग्रीसमध्ये लामियाहून आम्फिस्साकडे (तेव्हाचं सालोना) जाणाऱ्या वाटेवर एक सराय होती. ओट्टोमन सेनापती ओमेर व्रिओनी आठ-नऊ हजारांची फौज घेऊन दक्षिणेला, पेलोपोनीजकडे निघाला होता. ग्रीक कप्तान ओदिसियास आंद्रुत्सोस सुमारे १२० माणसं घेऊन त्या सरायीत शिरला, दारं बंद केली, भिंतींना जंग्या (बंदूक रोखायची भोकं) पाडल्या. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर इतर कप्तानांच्या तुकड्या होत्या, त्या पहिल्या रेट्यातच मागे हटल्या. मग दिवसभर हल्ल्यामागून हल्ला. मातीच्या विटांच्या भिंतींपुढे ओट्टोमन बाजूचे शेकडो पडले; आतले मेलेले बोटांवर मोजण्याइतके. व्रिओनीजवळ तोफा नव्हत्या. त्याने त्या लामियाहून मागवल्या, आणि त्या पोचण्याआधी रात्री आंद्रुत्सोस माणसं घेऊन निसटला.

निर्मात्याच्या नजरेने पाहा: एक इमारत, एक दिवस, एक रात्र. तोफा येणार या धास्तीवर उत्तरार्ध चालतो आणि तोफ पडद्यावर आणावीच लागत नाही. शिवाय पात्रं आयती बांधलेली आहेत. आंद्रुत्सोस आणि व्रिओनी दोघेही यानिनाचा ओट्टोमन सुभेदार अली पाशा याच्या चाकरीत राहिलेले, एकमेकांना ओळखणारे. सुमारे दोन आठवड्यांपूर्वी अलामानाच्या पुलावर पकडला गेलेला आणि लामियाला सुळावर चढवलेला अथानासिओस दिआकोस हा आंद्रुत्सोसचा जुना सहकारी. सरायीत त्याच्यासोबत असलेला यानिस गुरास पुढे १८२५ मध्ये आंद्रुत्सोसला अक्रोपोलिसवर कैदेत ठेवतो आणि तिथेच आंद्रुत्सोसचा जीव घेतला जातो. हे शेवटी पाटी टाकून सांगू नका. आतल्या प्रसंगांत गुरासला पुरेशी जागा द्या, ग्रीक प्रेक्षकाला उरलेलं माहीत असतं. हल्ल्याआधी व्रिओनीने हसन नावाचा दरवेश (मुसलमान फकीर) बोलणीसाठी पाठवला आणि आंद्रुत्सोसने त्याला गोळी घातली, असं परंपरा सांगते. पटकथेतून हा प्रसंग गाळायचा मोह होईल, कारण नायक दूताला मारतो. गाळू नका. आतल्या १२० जणांचे परतीचे दोर कापणारं कृत्य तेच आहे. मराठी प्रेक्षकाला इथे पावनखिंड आठवेलच; फरक एवढाच की इथे वाट अडवणारे बहुतेक सगळे जिवंत निघाले, त्यामुळे बलिदानाचा सूर लावला तर चित्रपट खोटा पडेल. हा धूर्तपणाचा चित्रपट आहे.

आता मुख्य तत्त्व. कॅमेरा आत ठेवा. बाहेरचं जितकं दाखवाल तितका खर्च. साठ-पासष्ट टक्के चित्रपट सरायीच्या आत, जंगीच्या फटीतून दिसेल तेवढंच बाहेरचं, आणि उरलेली फौज कानाने. १२० माणसं आत होती म्हणून १२० भरू नका. सहा जंग्या, प्रत्येकीला तीन माणसं, शिवाय जखमी, पाणी देणारा, गोळ्या ओतणारा, दारापाशी चौघे: सव्वीस ते तीस जणांत खोल्या भरतात. हे तीस चेहरे सगळ्या चित्रपटात तेच ठेवा आणि त्यांना ज्युनिअर आर्टिस्ट न मानता पाच दिवस तालीम द्या.

तालीम कसली, तर बंदूक भरायची. त्या काळची लांब नळीची ठासणीची बंदूक, ग्रीक लोक जिला कारिओफिली म्हणतात, दीड मीटरच्या आसपास असते. चकमकीचा दगड धरलेला घोडा (खटका) पोलादावर आपटतो, ठिणगी नळीच्या कानातल्या (बाजूच्या भोकाशी असलेल्या) रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर पडते, तिथून आत बाराला आग लागते. भरायचा क्रम: दारू, गोळी, गजाने ठासणं, कानात रंजक, घोडा ओढणं. कवायती शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो. डोंगरी बंडखोर चाळीस सेकंदांना एक काढेल असं धरा. एका जंगीशी एक नेमबाज आणि दोन भरणारे असतील तर तिथून वीस सेकंदांना एक बार निघतो. सहा जंग्यांचा मिळून तीन-साडेतीन सेकंदांना एक. हा तुमच्या लढाईचा ताल आहे, तो संकलकाला आणि ध्वनी-आरेखकाला लिहून द्या. भरणारा जखमी झाला की त्या जंगीचा बार चाळीस सेकंदांवर जातो. प्रेक्षक मोजत नाही, पण ताल तुटलेला त्याला कळतो. रक्त दाखवण्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त परिणामकारक. नेमकं उलटं बहुतेक ठिकाणी होतं: एकच माणूस दहा सेकंदांत तीनदा झाडतो, आणि बंदुकांचा जाणकार सोडा, शाळकरी पोरगंही हसतं.

तालमीत आणखी एक अडचण कळेल. दस्ता जमिनीवर टेकवून बंदूक उभी धरली तर नळीचं तोंड दीड मीटरवर, आणि गज पूर्ण बाहेर काढायला वर आणखी मीटरभर जागा लागते. छत सव्वादोन मीटरवर असेल तर गज छताला आपटतो. म्हणून आतले लोक बंदूक तिरकी धरून भरतील. मग शेजारच्याच्या तोंडापुढे नळी येते, वाकावं लागतं, शिव्या बसतात. ही अडचण काढून टाकू नका, तिच्यातूनच हालचाली बसवा.

सेट. सरायीचा आतला भाग बंदिस्त जागेत बांधा. कोल्हापूरची चित्रनगरी असो की अथेन्सबाहेरचं गोदाम, पडद्यावर फरक दिसत नाही. भिंतीची जाडी हा जीव की प्राण. खरी मातीची भिंत ६० सेंटीमीटरच्या आसपास हवी, आणि ती जाडी दिसते फक्त जंगीत आणि दारात. तेव्हा बाकी भिंती प्लायच्या सांगाड्यावर माती-भुसा-प्लास्टरच्या थराच्या करा, पण प्रत्येक जंगीभोवतीचा मीटरभर भाग खऱ्या जाडीचा बनवा: आतून ४५-५० सेंटीमीटर रुंद, बाहेर १०-१२ वर निमुळती. पातळ भिंतीला पाडलेलं चौकोनी भोक हा नाटकाचा सेट वाटतो. दोन भिंती काढता येण्याजोग्या ठेवा, कॅमेरा मागे न्यायला. जंगीबाहेर पांढरं कापड ताणून त्यावर जोरात उजेड मारा आणि मध्ये धूर सोडा. बाहेर उन्हाने पांढरं झालेलं दिसतं, पार्श्वभूमी लागतच नाही. उजेडाचा कोन मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ असा तीन टप्प्यांत बदलत न्या आणि पटकथेच्या प्रत्येक दृश्यावर ‘किती वाजले’ हे लिहा. एका दिवसाची गोष्ट आहे, सूर्य चुकला की सगळं चुकतं.

गोळी भिंतीत शिरल्याचा परिणाम: मातीच्या विटेत शिशाची गोळी ठप्प असा आवाज करते आणि धुळीची पिचकारी उडते. ठिणगी उडत नाही. भिंतीत मागून बारा-पंधरा छिद्रं पाडा, तोंडाला वाळलेल्या मातीचं पातळ बूच, मागे नळीत चाळलेली मुलतानी माती आणि दाबलेली हवा. दहा मिनिटांत पुन्हा तयार होतं. पिचकारी उडताना कुणाचं तोंड समोर नको आणि मातीत खडा नको, म्हणून बारीक चाळणीतून दोनदा गाळायची. छताच्या कौलांतून पडणारी धूळ हाच मुद्दा दुसऱ्या वाटेने सांगते. एक माणूस वर बसवून चाळणी हलवली की झालं.

आतल्या दृश्यांत खरी दारू अजिबात नको. बंद जागेत तीस माणसं, काळ्या दारूचा धूर गंधकाचा, आणि कानातली रंजक डोळ्यापासून वीतभर अंतरावर पेटते. आत न झडणाऱ्या प्रतिकृती वापरा आणि रंजकीच्या जागी पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी बसवा, चापाला जोडलेला. चेहऱ्यावर पडणारा खरा उजेड मिळाला की पुढचं व्हीएफएक्स अर्धं होतं. एलईडीची चमक पाच-सहा शतांश सेकंद टिकू द्या. त्याहून कमी असेल तर रोलिंग शटरच्या (चौकट ओळीओळीने टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात अर्धीच चौकट उजळते आणि तो पट्टा नंतर पुसता येत नाही. नळीचं तोंड जंगीबाहेर असल्याने मुख्य भडका आतून दिसतच नाही, हा फुकटचा फायदा. व्हीएफएक्सवाल्याला क्रम नीट सांगा: आधी घोड्यापाशी ठिणगी, मग रंजकीचा धूर सरळ वर, मग दोन-तीन चौकटींनंतर नळीतून जाळ आणि धूर. आधुनिक रायफलीची तयार चमक चिकटवली की ही फट जाते आणि आवाजही जुळत नाही. त्या बंदुकीचा आवाज दोन तुकड्यांचा असतो: ‘खट्-फुस्स’ आणि मग ‘धाड’. आणि गोळीविना झाडलेली बंदूक खांद्याला धक्का देत नाही. तो नटाने आणायचा, नाहीतर सगळे झाडूने बार काढल्यासारखे दिसतात.

बाहेरच्या दिवसांत खरे बार लागतातच, कारण काळ्या दारूचा दाट पांढरा धूर यंत्राने तसा येत नाही. दहा झडणाऱ्या बंदुका पुरतात, पंचवीस धातू-लाकडाच्या न झडणाऱ्या, मागच्या रांगेला तीस रबरी. परवानाधारक शस्त्र-प्रमुख ग्रीसमधलाच घ्या. दारूची ने-आण, साठा आणि पोलिसांची परवानगी त्याच्या नावावर होते. भारतातून काही न्यायचा विचारही करू नका. बारात दारू किती घालायची हे तो ठरवेल, दिग्दर्शक नाही. बाकी नियम न वाकणारे: नळीत बोळा नाही, गोळी नाही, खरा बार असलेल्या शॉटमध्ये गज बंदुकीत ठेवायचाच नाही (घाईत आत राहिलेला गज भाल्यासारखा सुटतो), दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, कारण आत निखारा राहिलेला असेल तर हातातलं शिंगच उडतं. मोजलेल्या कागदी पुड्या वापरा, पडद्यावर दिसणारं शिंग रिकामं. नळी माणसाच्या बाजूला किंवा डोक्यावरून रोखायची, लांबच्या भिंगाने ती छातीवर रोखल्यासारखी दिसते. रंजक उजवीकडे फेकते, म्हणून उजवीकडचा माणूस एक पाऊल मागे. कॅमेऱ्यापुढे जाड पॉलिकार्बोनेटचा पत्रा.

फुसके बार होणार, हे शेड्यूलमध्ये धरा. पहाटेच्या दवाने रंजक ओलसर होते. ऊन वर येईपर्यंत झडणारे शॉट लावू नका. बारा-पंधरा बारांनंतर काजळीने कान बुजतो, रंजक पेटते पण बार निघत नाही. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबायचं, लगेच आत डोकवायचं नाही. गार झाल्यावर गरम पाण्याने धुणं, कान टोचणं, चकमकीच्या दगडाची धार पाहणं. एका बंदुकीमागे अर्धा डझन दगड जास्तीचे ठेवा. दहा बंदुका एकदम झाडल्या तर आठ वाजतील. तो शॉट पुन्हा घेऊ नका. खऱ्या लढाईतही तसंच होत असे, आणि बार न निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ कुठल्याही नटाला शिकवून येत नाही.

कपड्यांत पहिला प्रश्न सौंदर्याचा नाही, ओळखीचा आहे. व्रिओनीच्या फौजेत मुसलमान अल्बेनियन मोठ्या संख्येने होते आणि फुस्तानेला, म्हणजे कळ्यांचा तो पांढरा घेरदार झगा, तेही घालत. आतला आणि बाहेरचा, दोघेही लांबून सारखेच. इतिहास सोडून बाहेरच्यांना लाल-हिरवे रेशमी तुर्क बनवू नका. तीन गोष्टी करा: बाहेरच्यांना डोक्याला गुंडाळलेली कापडं आणि रुंद लाल कमरबंद, आतल्यांना गडद, काजळलेली जाकिटं आणि उघडी किंवा फेझ टोपी घातलेली डोकी, आणि दिशा पक्की, हल्ला नेहमी पडद्याच्या डावीकडून, सराय उजवीकडे. दिशेचा नियम एकदा जरी मोडला तरी धुरात कोण कुणाला मारतंय ते कळत नाही.

फुस्तानेलाचा नमुना अथेन्सच्या संसदेपुढच्या पहारेकऱ्यांवरून घेऊ नका. तो चारशे चुण्यांचा, खळ दिलेला, तोकडा झगा हा नंतरचा लष्करी गणवेश. १८२१ चा गुडघ्याच्या आसपास किंवा खाली येणारा, मऊ, आणि धूर-चरबीने करडा पडलेला असतो. मुख्य आठ पात्रांना दहा-बारा मीटर कापडाचे करा, बाकीच्यांना सहा मीटर मांजरपाट पुरतं. कळ्या तिरप्या कापून वर चुण्या घट्ट शिवा म्हणजे चालताना घेर येतो. चौकोनी कापड नुसतं चुण्या घालून शिवलं की परकर दिसतो. मग चहाच्या पाण्यात बुडवणं, खडबडीत दगडावर घासणं, मांडीपाशी आणि जिथे हत्यारं घासतात तिथे तेल आणि काजळी. कमरेला चामड्याची अनेक कप्प्यांची सेलाखी, त्यात पिस्तूल आणि यातागान (आखूड बाकदार तलवार). ही वस्तू स्वस्तात करू नका, कारण मध्यम शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध तीच असते. सगळ्यांनाच फुस्तानेला नको. चार-सहा जण लोकरीच्या विजारी आणि बोकडाच्या केसांच्या जाड घोंगडीवजा कापात असू द्या. गोंड्यांचे त्सारुखी बूट फक्त क्लोजअपवाल्यांना, बाकीच्यांना साधं कच्च्या चामड्याचं पायताण. तीस जणांना सहा आठवडे आधी सांगा: केस आणि मिशी वाढवा, हनुवटी साफ ठेवा. दाढी पाद्र्याला. चिकटवलेल्या मिशा घामाने सुटतात आणि बंदूक गालाला लावली की पहिली तीच निघते.

१८२१ ची वेशभूषा आणि हत्यारं बाळगणारे हौशी गट ग्रीसमध्ये आहेत. बाहेरच्या सहा दिवसांसाठी ते सोन्यासारखे: कपडे, शस्त्रं, भरायची सवय सगळं घेऊन येतात. पण त्यांचे कपडे सणाचे आणि धुतलेले असतात, आणि ते मळवू देत नाहीत. त्यांना मधल्या रांगेत ठेवा, वर तुमच्या कापा पांघरा.

निशाण. आजच्या ग्रीक झेंड्याचे पांढरे-निळे नऊ पट्टे दिसले की चूक झाली. जानेवारी १८२२ मध्ये एपिदावरोस इथे भरलेल्या ग्रीकांच्या राष्ट्रीय सभेने राष्ट्रीय निशाणाची निवड केली, ग्राविया त्याआधीची. कप्तानाचं स्वतःचं निशाण किंवा नुसता क्रॉस असलेलं कापड चालेल, निशाण नसलं तर त्याहून बरं.

बाहेरची जागा. सह्याद्रीत करू का, असं विचारलं जाईलच. नको. आपला कातळ काळा बेसाल्ट, रुमेलीचा (मध्य ग्रीसचा) डोंगर फिकट चुनखडीचा. त्यावर फर, ओक, ऑलिव्ह, ओढ्याकाठी चिनार. पहिल्याच लाँग शॉटला ढोंग उघडं पडेल. पार्नासोस आणि गिओना या डोंगरांच्या पायथ्याच्या गावांत अशा उतारांची कमी नाही. अडचणी आहेत त्या विजेच्या खांबांच्या, डांबरी रस्त्याच्या आणि डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांच्या. पाहणीच्या वेळी प्रत्येक कोनातून ते मोजा. एक पवनचक्की पुसायला लागणाऱ्या पैशांत तीन ज्युनिअर आर्टिस्ट येतात, आणि ती फिरत असते म्हणून पुसणं अवघडही. पुरातत्त्वीय स्थळाच्या हद्दीत शिरलात तर सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. साध्या गुरचरणात शूट करा.

तारीख मात्र ठरलेली समजा: मार्चअखेर ते एप्रिलमध्य. ग्रीसमध्ये वणवा-प्रतिबंधाचा काळ १ मेपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत असतो, आणि वाळल्या गवतावर काळी दारू म्हणजे आगीला आमंत्रण. एप्रिलमध्ये गवत हिरवं असतं, वर बर्फ दिसतं, आणि २० मेच्या गोष्टीला ते खपून जातं. तरीही पाण्याची गाडी आणि पाठीवरचे पंप घेतलेली चार माणसं रोज हवीत. पावसाचे दोन दिवस राखून ठेवा.

पन्नास माणसांची तीन-चारशे करायची तर कॅमेरा पक्का बांधून तोच गट वेगवेगळ्या जागी सहा-आठ वेळा उभा करून थर जोडतात. बिघडतं ते नेहमी याच कारणांनी: दोन थरांत तासभर गेला आणि सावल्या सरकल्या, कॅमेऱ्याचा एक्स्पोजर-फोकस ऑटोवर राहिला, धूर एका थराच्या हद्दीतून दुसऱ्यात गेला, आणि लोक प्रत्येक वेळी त्याच मित्राशेजारी उभे राहिले, त्यामुळे तोच उंच-बुटका जोड चार ठिकाणी दिसला. उपाय: जमिनीवर चुन्याच्या खुणा (गवतात दिसणार नाहीत अशा), सगळे थर पस्तीस मिनिटांत, शक्यतो ढगाळ दुपारी, दर थराला डोक्याची कापडं आणि शेजारी बदलणं, धूर शेवटी वेगळा. असे शॉट पाच. सहावा लागत असेल तर पटकथेत काहीतरी चुकलंय. बाकी हल्ले १३५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंगाने, पुढे पंधरा माणसं स्पष्ट, मागे वीस धुरात, त्यामागे नुसते भाले आणि निशाणं हलवणारे दहा. घोडे चार पुरेत. एक दरवेशाचा, एक व्रिओनीचा. आवाजाची सवय आधी लावलेले, कानात कापूस, आणि बार झडताना घोडा चौकटीत असेल तर त्याचा माणूस लगामापाशी हवा.

आवाजाला बाहेरची खरी फौज म्हणून वागवा, आणि पैसेही तसेच द्या. बाहेरच्या दिवसांपैकी एक संध्याकाळ फक्त ध्वनीसाठी: पन्नास जणांचे आरोळे, धाव, पडणं, ढोल आणि झुर्ना (सनईसारखं वाद्य), एकाच दरीत २०, १०० आणि ३०० मीटरवरून. बंदुकांचेही तसेच, डोंगरातल्या प्रतिध्वनीसकट. सुरुवातीला टेकड्यांवरच्या तुकड्या मोडल्या हे दृश्य कधीच दाखवू नका. आत बसलेल्यांना डावीकडचे बार विरळ होत जाताना ऐकू येतात, मग उजवीकडचे. फुकटात दोन लढाया होतात. भाषेचंही असंच: अली पाशाच्या दरबारात ग्रीक आणि अल्बेनियन दोन्ही चालत, म्हणून भिंतीपलीकडून ओरडणारे एकमेकांना समजतात. सगळ्या बाहेरच्यांना तुर्की बोलायला लावणं चूकही आणि खर्चिकही.

रात्रीचं निसटणं. खुशाल चांदणं वापरा, ते इतिहासाला धरून आहे. २० मे १८२१ ला पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते. संकष्टीला उशिरापर्यंत वाट पाहणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको की चंद्र बऱ्याच उशिरा वर आला असणार. म्हणजे संध्याकाळचा पहिला भाग मिट्ट काळोखात, शत्रूच्या शेकोट्यांवर चालवा, आणि चंद्र उगवल्याने बेत अवघड होतो असा ताण घ्या. एकच उंच दिवा, एकाच दिशेने, बाकी काळोख. शेकोट्या मोठ्या पटांगणात तीस लावायच्या तर प्रत्येकीजवळ माणूस लागत नाही. लांबच्या वीस म्हणजे लुकलुकणारे छोटे दिवे. या प्रसंगाला दोन रात्री द्या, एक नव्हे. पहिल्या रात्री फक्त बाहेर पडण्याचा मास्टर (सगळा प्रसंग सलग टिपणारा शॉट) आणि लांबचे शॉट, दुसऱ्या रात्री चेहरे.

चोवीस दिवसांची वाटणी: आत बारा, बाहेर दिवसा सहा, रात्री दोन, छावणी आणि अलामानाचे जेमतेम प्रसंग दोन, राखीव दोन. दिआकोसचा सूळ दाखवू नका. बातमी घेऊन आलेला माणूस पुरतो. बाहेरचं आधी शूट करा, आतलं नंतर. कारण हल्ला प्रत्यक्षात कसा दिसला, धूर कुठवर आला, ऊन कसं होतं हे हातात असलं की आतल्या नटांच्या नजरा आणि जंगीतला उजेड त्याला जुळवता येतो. उलटं केलं तर बाहेर उभं राहून सेटची नक्कल करावी लागते.

खर्चात दहा टक्के हात न लावता बाजूला ठेवा. ग्रीसमध्ये केलेल्या खर्चाचा काही भाग परत देणारी सरकारी योजना आहे, पण ते पैसे काम झाल्यावर, हिशेब तपासून मिळतात. शूटच्या रोकडीत ते धरले की तिसऱ्या आठवड्यात बाहेरचं जेवण थांबतं. अर्ज शूट सुरू होण्यापूर्वी सहनिर्मात्याच्या नावाने जायला हवा. कपडे-हत्यारांना पाचवा हिस्सा, सेटला त्याहून थोडा कमी, ध्वनीला व्हीएफएक्सइतकाच. आणि पहिलं कच्चं संकलन झाल्यावर एका दिवसाचे तुकडे शूट करायला सेटची एक जंगी, दोन बंदुका आणि चार जोडी कपडे मोडीत न काढता ठेवून द्या: रंजक टाकणारी बोटं, तिरका गज, बंदुकीचा घोडा पडतानाचा क्लोजअप. लढाईत हमखास कमी पडतात ते हेच शॉट.